हातावरची सुपारी

मनगटी पट्ट्याने टिपलेले चौदा रात्रींचे आलेख हरिताच्या पडद्यावर एकाखाली एक मांडलेले होते आणि चौदाही रात्री एकसारख्या होत्या. दहाच्या सुमाराला काळी रेघ खाली बसायची, ती पहाटे पाचपर्यंत फारशी हलायची नाही. तळाशी संगणकाने स्वतःच लिहिलं होतं: सरासरी झोप, सात तास बारा मिनिटं.

हरिताने तो आकडा तिसऱ्यांदा वाचला. तो जरा कमी असता तर किती बरं झालं असतं! साडेचार तास, फार तर पाच. कुणाला झोप लागत नसावी अशी इच्छा तिने आयुष्यात पहिल्यांदाच केली होती, आणि तीही आपल्या सख्ख्या अत्यासाठी.

एम.एस्सी. होऊन ती तंजावूरबाहेरच्या विद्यापीठात सुब्रमण्यम सरांच्या प्रयोगशाळेत लागली, त्याला दीड वर्ष झालं होतं. तिथला प्रश्न सांगायला सोपा होता: झोप न झालेल्या माणसाला अवघड काम दिलं, तर त्याचा मेंदू काय करतो? स्वयंसेवकाच्या कपाळाला एक रबरी पट्टी बांधायची. पट्टीतले बारीक दिवे कवटीच्या आत थोडासा प्रकाश सोडतात. त्यातला जो परत येतो त्यावरून कपाळामागचा मेंदू किती प्राणवायू वापरतोय याचा अंदाज येतो. मग समोरच्या पडद्यावर एकेक आकडा दाखवायचा. आधी सोपं काम: मागचाच आकडा पुन्हा आला की बटण दाबायचं. मग अवघड: तीन आकड्यांपूर्वीचा आला की दाबायचं. शेवटी एकच प्रश्न विचारायचा, "तुमच्या किती चुका झाल्या असं वाटतं?"

रात्री झोपून आलेल्या तरुणांची रेघ सोप्या कामात आरामात चालायची आणि अवघड कामात वर चढायची. रात्रभर जागलेल्यांचं उलटं. सपाट रस्त्यावरच पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत निघालेल्या गाडीसारखा त्यांचा मेंदू सोप्या कामातच सगळा जोर लावून बसायचा, आणि पुलाचा चढ आला की बंद पडायचा. पण हरिताला खरं नवल वाटायचं ते शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराचं. चौदा चुका करून बसलेला जागरणवाला अगदी खात्रीने सांगायचा, "दोन असतील."

अत्याची रेघ हुबेहूब तशीच आली होती. सोप्या कामात वर, अवघड कामात खाली. चुका अकरा. आणि शेवटच्या प्रश्नाला अत्या म्हणाली होती, "एक. तीही तुझं बटण घट्ट आहे म्हणून."

सुब्रमण्यम सर मागे येऊन उभे राहिले. "जागरणाची केस आहे?"

"नाही सर. माझी अत्या. अभ्यासात धरलेली नाही, तुमची परवानगी घेऊन बघितलं होतं ना, ती."

"झोप?"

"सात तास बारा मिनिटं. चौदा रात्रींची सरासरी."

"वय?"

"त्रेसष्ट."

सरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने उगाचच पुसला. "साठीनंतर अशी रेघ दुसऱ्या कारणांनीही येते, हरिता. मी डॉक्टर नाही, तूही नाहीस. एकदा न्यूरॉलॉजिस्टला दाखवून घे."

दुसरी कारणं कोणती ते तिने विचारलं नाही. त्यातलं एक तिने घरात पाहिलं होतं.

हरिताचे वडील रघुराम नोकरीनिमित्त होसूरला होते. ती इथे तंजावूरच्या जुन्या मराठी गल्लीत कामाक्षीअत्याजवळ राहत होती. अत्याने लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि वर्षातून एकदा, वैकुंठ एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, गल्लीतल्या भजनमठात अवधान केलं. अवधान म्हणजे एकाच वेळी आठ जणांचं आठ प्रकारचं ऐकायचं, आणि शेवटी आठांनाही बिनचूक उत्तर द्यायचं. एक जण मधूनच घंटा वाजवतो, टोले लक्षात ठेवायचे. एक जण पाठीवर चिंचोके टाकतो, ते मोजायचे. एक जण श्लोकाची अक्षरं उलटीपालटी सांगतो, ती जुळवायची. एकाला चौकोनात आकडे भरून द्यायचे. आणि एकाचं कामच असतं वात्रट प्रश्न विचारून हे सगळं उधळून लावणं. एकादशीची रात्र भजनात जागून काढायची आणि द्वादशीला सकाळी, उपास सोडण्याआधी, अवधानाला बसायचं अशी त्या मठाची रीत. ती अत्याच्या वडिलांनी, बाळकृष्णरावांनी, घातली होती.

गेल्या वर्षी घंटेपाशी गडबड झाली. अत्या म्हणाली, एक्केचाळीस. घंटा वाजवणाऱ्या चंद्रमतीच्या पाटीवर अठ्ठेचाळीस रेघा होत्या.

"तुझं चुकलं असेल," अत्या म्हणाली.

चंद्रमती बिचारी पाटी पुन्हा मोजू लागली. कुणीतरी फोनवर चित्रण केलं होतं, ते लावलं. अठ्ठेचाळीस. अत्या तरीही हट्टाने म्हणत राहिली की फोनमध्ये घुमल्यामुळे काही टोले दोनदा ऐकू येताहेत. कुणी हसलं नाही. मठाचा कारभार बघणारा कल्याणराम, चंद्रमतीचा नवरा, घाईघाईने प्रसादाची पानं मांडा म्हणाला.

वासुकीअज्जीचं असंच सुरू झालं होतं. अत्याची आई ती. सांबारात तीनदा मीठ घालायची आणि तिन्ही वेळा शपथेवर सांगायची, अजून घातलंच नाही. पुढे एकेक नाव गेलं. आधी शेजाऱ्यांची, मग नातवंडांची, शेवटी पोटच्या मुलांची. अत्याने ते सहा वर्षं केलं, निस्तरलं.

म्हणून यंदा मार्गळी, हा एकादशीचा तमिळ महिना, लागायच्या आधीच अत्या आपण होऊन म्हणाली होती, "ती तुझी पट्टी माझ्या डोक्याला लाव. काय ते बघ आणि खरं सांग. तसं असेल तर मी मठात बसणार नाही. लोकांनी दया येऊन माझ्यासाठी हळूहळू घंटा वाजवावी, ते मज नको."

संध्याकाळी हरिता टाऊन बसने घरी आली तेव्हा अत्या उंबऱ्याशी उद्याच्या कोलमसाठी, दारातल्या रांगोळीसाठी, तांदळाचं पीठ चाळत बसली होती.

"पेपर तपासून झाला?"

"सर अजून बघताहेत."

"सर बघताहेत!" अत्या चाळण आपटत म्हणाली. "एकतीस वर्षं मी हेच सांगत आले गे. नापास मुलीच्या आईला सांगायचं, हेडमिस्ट्रेस अजून बघताहेत."

"तसं काही नाही, अत्या."

"मग तोंड का तसं? फिल्टरची गरम कापी पी. मग तयारीला बस माझ्याबरोबर. एकादशीला दहाच दिवस उरले."

रोज संध्याकाळी अशी तालीम चालायची. हरिता एकटीच चार जणांचं काम करायची: डाव्या हाताने पितळी घंटा, उजव्या हाताने चिंचोके, तोंडाने अक्षरं आणि मधूनच गुणाकार. त्या दिवशी ती नकळत सावकाश गेली. आपण सावकाश जातोय हे लक्षात आल्यावर ती एकदम भरभर घंटा वाजवू लागली.

चारपैकी दोन बरोबर आली. टोले आणि चिंचोके, दोन्ही चुकले.

"सगळी आली ना?" अत्याने विचारलं.

हरिता जमिनीवरचे चिंचोके गोळा करत राहिली. "आज फार पटपट झालं माझं," ती म्हणाली. "उद्या नीट करू."

खोटं बोलायला तिला जमत नसे. डॉक्टरांची वेळ तिने आधीच मागून ठेवली होती, पोंगलच्या सणानंतरची मिळाली होती, आणि ते अत्याला कसं सांगायचं हे ठरत नव्हतं. द्वादशीआधी सांगितलं तर ती बसणार नाही. नंतर सांगितलं तर भरल्या मठात ती पुन्हा कुणाला तरी म्हणेल, तुझं चुकलं असेल. दोन्हींमध्ये बरं कुठलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात कापीचा वास सुटला होता. समोरच्या देवळाचा कर्णा कधीचा सुरू झाला होता. हरिता दात घासून आली तेव्हा अत्या फ्रिजमध्ये डोकं घालून दुधाचा वास घेत होती.

"नासलं नाही म्हणायचं. रात्री करंट तीनदा गेला. पहिल्यांदा सहाशे चाळीस, मग एकवीसशे, शेवटी नव्वदच."

"काय सहाशे चाळीस?"

"सेकंद गे. पंखा थांबल्यापासून परत फिरेपर्यंत."

हरिताने पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. ती खोलीत गेली. फोनवर इंटरनेटचा डबा कधी बंद पडला आणि कधी सुरू झाला याच्या नोंदी असत. एक वाजून बारा मिनिटं: बंद. पावणेअकरा मिनिटांनंतर चालू. दोन एक्केचाळीस: बंद, पस्तीस मिनिटं. चार वाजून पाच: बंद, दीड मिनिट. सहाशे चाळीस, एकवीसशे, नव्वद. अत्या चुकली असलीच तर पाच-दहा सेकंदांनी.

मग तिने अत्याच्या मनगटी पट्ट्याची रात्रीची नोंद उघडली. एक बारा: गाढ झोप. दोन एक्केचाळीस: गाढ झोप. चार पाच: गाढ झोप.

ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"अत्या, रात्री एक वाजता तू जागी होतीस."

"असेन."

"पावणेतीनला?"

"डास होते."

"चार वाजता? पावणेतीनला तर पस्तीस मिनिटं तू सेकंद मोजत होतीस. खरं सांग, झोपतेस केव्हा?"

अत्याने दूध गाळायला घेतलं. "तुझ्या पट्ट्यानेच सांगितलं ना, सात तास? मग तो कशाला बांधलास माझ्या हाताला?"

"पट्टा हालचाल मोजतो! झोप मोजत नाही. न हलणारा माणूस त्याला झोपलेलाच वाटतो. बाकीचे लोक झोप आली नाही की कूस बदलतात, हात हलवतात, उठून पाणी पितात. तू का नाही हललीस? चौदा रात्रींत एकदाही नाही!"

अत्या तिच्याकडे अशी बघू लागली, जणू वर्गातल्या हुशार मुलीने बेरीज चुकवली.

"तुज अप्पांची सुपारी ठाऊक नाही?"

हरिताला ठाऊक होती, वडिलांच्या तोंडून ऐकलेली. बाळकृष्णराव मुलांना अवधान शिकवताना त्यांच्या पालथ्या हातावर सुपारी ठेवायचे. बोटांवर मोजायचं नाही, बोट हलवायचंसुद्धा नाही. सुपारी पडली की पहिल्यापासून. रघुरामची दर पाच मिनिटांनी पडायची आणि तो रडत पळून जायचा. कामाक्षीची कधी पडली नाही.

"मनात काही मोजत असले की माझा हात हलत नाही," अत्या म्हणाली. "आठव्या वर्षापासून नाही हलत."

"आणि काय मोजत असतेस रात्रभर?"

अत्याने फिल्टरचं झाकण लावलं. मग म्हणाली, "हजेरी."

"कसली?"

"पोरींची. पहिल्या वर्षापासून. सहावी अ, हजेरी क्रमांक एक, दोन, तीन. एकतीस वर्षं. बाराशे चौसष्ट पोरी. एका रात्रीत संपते, मध्ये करंट गेला नाही तर." ती हसल्यासारखं करून थांबली. "आईची नावं रात्रीच जायची. तू लहान होतीस. संध्याकाळी नीट बोलून झोपायची आणि सकाळी उठली की एक नाव कमी. मग गेल्या वर्षी मठात ते तसं झालं. त्या रात्रीपासून मज भीती वाटते बाळ, कण्णा. डोळा लागला आणि सकाळी एखादी पोरगी नसली तर?"

"वर्षभर?"

"दुपारी पडते की जरा."

हरिता खाली पाटावर बसली. तिला रडायला आलं होतं आणि हसायलाही. एक वर्ष! ज्या बाईने झोप टाळून नावं जपली, तिचं उरलेलं सगळं त्या जागरणानेच पोखरत आणलं होतं. निदान तसं असू शकत होतं. ती शक्यता आपण किती घट्ट धरून बसलो आहोत हे तिला स्वतःलाच जाणवलं, आणि तिने मनाला आवरलं.

"तुझं मशीन ढ आहे," अत्या म्हणाली.

"मशीन नाही. ढ मी आहे. तुला एकदाही विचारलं नाही, झोप लागते का म्हणून."

त्या दिवशी सुब्रमण्यम सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन टेबलावर ठेवलं. "पट्ट्यावर तू विश्वास ठेवलास, मीही ठेवला," ते म्हणाले. "पण डॉक्टरांची वेळ रद्द करू नकोस. झोप कमी आहे म्हणजे दुसरं काही नाही, असं होत नाही. दोन्ही असू शकतात. आधी तिला झोपू दे, मग पुन्हा बघ."

झोपू दे म्हणणं सोपं होतं. अत्याने झोपायचं कबूल केलं, दिवा मालवला आणि सकाळी लाल डोळ्यांनी उठली. शेवटच्या वर्षाच्या सातवीच्या ब तुकडीपर्यंत हजेरी झाली होती.

तेव्हा हरिताने दोनशे पानी वही आणली. अत्याला देवनागरी वाचता येत होतं, हरिताला अडखळत. म्हणून तिने तमिळ अक्षरांत लिहायला घेतलं. संध्याकाळची तालीम बंद. त्याऐवजी अत्या नावं सांगायची, हरिता उतरवून घ्यायची. वर्षवार, वर्गवार, हजेरी क्रमांकाप्रमाणे. अखिला, वडील सायकल दुकानवाले. सीतालक्ष्मी, अपूर्णांक कधीच आले नाहीत, आता बँकेत मॅनेजर. दोन संध्याकाळी लागल्या. बाराशे चौसष्ट पुरे झाल्यावर हरिताने वहीला दोरा बांधला.

"आता रात्री या पोरी माझ्याकडे. मी सांभाळते. सकाळी उठलीस की कुठलंही पान उघडून मला विचार. एक जरी कमी झाली तरी मला धर."

"तू मज शिकवतेस?"

"हो."

झोप लागली की नाही हे कळायला पट्टा उपयोगाचा नव्हता. तो हरिताने काढून खणात टाकला आणि देवघरातली एक सुपारी घेतली. अत्याचा हात खाटेच्या कडेवर पालथा ठेवून त्यावर सुपारी ठेवली, खाली पितळी ताट. जागी अत्या सुपारी पाडणार नाही, याची सगळ्यांना खात्री होती. झोपलेली अत्या मात्र कुणाही माणसासारखी हात सैल सोडेल.

पहिल्या सकाळी सुपारी हातावर होती. दुसऱ्या सकाळीही. अत्या मानेने नाही म्हणायची आणि हरिता दिवसभर प्रयोगशाळेत जागरणवाल्या मुलांच्या रेघा बघत बसायची. एकादशीला सहा दिवस राहिले, मग पाच. हे सगळं उशिराने तर सुचलं नाही ना? वर्षभर न झोपलेल्या माणसाला झोपायचंच विसरायला होतं का? तिला तसं कुठे वाचलेलं आठवत नव्हतं, पण आठवत नव्हतं याचाही दिलासा वाटेना.

तिसऱ्या सकाळी सुपारी ताटात होती.

"केव्हा पडली?" हरिताने विचारलं.

अत्या केस विस्कटून खाटेवर बसली होती. गालावर उशीची घडी उमटली होती. ती ताटाकडे बघत राहिली.

"मज काय ठाऊक!" ती म्हणाली, आणि मग घाबरून, "वही आण. एकोणीसशे ब्याण्णव. आठवी अ. सतरा नंबर."

"तू सांग."

"हेमलता. डावखुरी." हरिताने पान काढून मान हलवली. "अठरा इंदुमती. एकोणीस..." अत्याने सबंध वर्ग म्हणून दाखवला. मग स्वतःशीच म्हणाली, "आहेत की सगळ्या."

त्यानंतर सुपारी रोज पडू लागली.

एकादशीच्या दोन दिवस आधी कल्याणराम आला. ओसरीवर बसून कापी पिता पिता म्हणाला, "अक्का, जागरणाला तुमची चटई पुढे घालतो. थांबाल ना सकाळपर्यंत?"

"पहिल्या आरतीला येईन. मग घरी जाऊन झोपेन. सकाळी अवधानाला हजर."

कल्याणरामचा पेला ओठांपाशीच राहिला. "जागरण न करता अवधान? मग ते शाळेचं गॅदरिंग होईल, अक्का. अप्पांनी काय म्हटलं असतं?"

"अप्पा दुपारी तीन तास घोरायचे. ते कुणी रीतीत लिहिलं नाही."

"लोक हसतील."

"हसू देत. गेल्या वर्षी कुणी हसलं नाही, ते वाईट होतं." अत्याने पेला त्याच्या हातातून घेतला. "आणि हे बघ, मी चोरून झोपणार नाही. बसायच्या आधी सगळ्यांसमोर सांगणार. नको असेल तर आताच सांग."

कल्याणराम चपला घालू लागला. पायरीवरून वळून म्हणाला, "चंद्रमती पाटी घेऊन नऊला तयार असेल. आणि अक्का, घंटा हळू वाजणार नाही हां."

"वाजली तर उठून जाईन."

द्वादशीला सकाळी मठ भरला होता. रात्रभर जागलेली माणसं भिंतीला टेकून पेंगत होती. स्वयंपाकघरातून प्रसादाच्या पोंगलभाताचा वास येत होता आणि उपासाने सगळ्यांचं लक्ष तिकडे होतं. अत्याने उभं राहून सांगितलं, मी रात्री झोपले होते. थोडी कुजबुज झाली. एक म्हातारे गृहस्थ तमिळमध्ये म्हणाले, "नशीबवान आहात!" आणि लोक हसले. अत्याही हसली. मग ती पाटावर बसली आणि दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले.

हरिता तिसऱ्या रांगेत होती. तिने वहीच्या शेवटच्या पानावर आठ रकाने आखले होते. तिचा हात अत्यासारखा नव्हता. पहिल्या टोल्यालाच रेघ वाकडी गेली.

घंटा वाजू लागली. कल्याणराम मागे उभा राहून चिंचोके टाकू लागला. कुणी अक्षर सांगे, सातवं, मग दुसरं, मग अकरावं. कुणी गुणाकार घातला. अत्या चौकोनाचा एकेक आकडा सांगत होती, शांतपणे, शाळेत फळ्यावर लिहून देताना लागत असे तितकाच वेळ घेत. वात्रटपणा गणेशकुमारकडे होता. एरवी त्याचं मोपेड दुरुस्तीचं दुकान.

"अक्का, एक शंका. झोपेत डास चावला तर रक्त झोपलेल्या माणसाचं. मग डासालाही झोप येते काय?"

"तुझं रक्त प्यायला तर येईल," अत्या म्हणाली. "तुझ्या दुकानात दुपारी कोण जागं असतं?"

मठ हसला. त्या हसण्यात घंटेचे दोन टोले बुडाले. हरिताने ते कसेबसे टिपले. गेल्या वर्षी हेच झालं होतं. अशाच एका हसण्यात.

अर्ध्या तासाने कल्याणरामने हात वर केला. उत्तरं सुरू झाली. श्लोक पुरा आला. चौकोन जुळला. सांगितलेल्या तारखेचा वार, गुणाकार, एकेक करून पाच रकान्यांत हरिताने बरोबरची खूण केली. गणेशकुमारने आपणहून हार मानली.

"घंटा?" चंद्रमतीने विचारलं. तिने पाटी छातीशी धरली होती.

"त्रेचाळीस."

चंद्रमतीने पाटी फिरवून दाखवली आणि रडूच लागली. त्रेचाळीस.

"चिंचोके?" कल्याणराम म्हणाला.

"सव्वीस."

कल्याणराम मान डोलावणार तेवढ्यात अत्याने हात वर केला. "थांब. सव्वीस नव्हे. डासाचं उत्तर देत होते तेव्हा दोन एकदम पडले, एकावर एक. मी एकच धरला. सत्तावीस."

"मी सव्वीसच टाकले, अक्का."

"मोज."

गणेशकुमार गुडघ्यांवर बसून चटईवरचे चिंचोके वेचू लागला. लोक पेंग विसरून पुढे झुकले. चोवीस, पंचवीस, सव्वीस. एक अत्याच्या पदराच्या घडीत सापडला. सत्तावीस.

मठात टाळ्या झाल्या, पण कल्याणराम अवघडून उभा होता. "अक्का, रीतीप्रमाणे पहिलं उत्तर धरायचं. म्हणजे..."

"म्हणजे चुकलं," अत्या म्हणाली. "आठात सात. लिही तसं."

हरिताने आठव्या रकान्यात फुली मारली. बाजूच्या बाईने कळवळून तिच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा तिला कळलं की आपले डोळे वाहताहेत आणि आपण हसतोही आहोत. ही पोरगी एका फुलीवर एवढी का हसते आहे, हे त्या बाईला कळलं नसावं.

पोंगलच्या सणानंतरची डॉक्टरांची वेळ तशीच होती. हरिता अत्याला घेऊन जाणार होती. एका सकाळवरून काही सिद्ध होत नाही, हे तिला सरांइतकंच ठाऊक होतं.

अत्या पाटावरून उठून तिच्याजवळ आली आणि वहीत डोकावली.

"तुझा शेवटचा प्रश्न विचारायचा राहिला."

हरिताने नाक पुसलं. "तुमच्या किती चुका झाल्या असं वाटतं?"

"एक," अत्या म्हणाली. "आता पान वाढायला सांग. मज भूक लागली आहे, आणि मग झोपायचं आहे."